कप्तान एकदाच खोटं बोलले

कप्तान खोटं बोलत नसत. हा त्यांचा गुण होता असं मी म्हणणार नाही, कारण त्याचा त्रास आमच्या अख्ख्या बिल्डिंगला होत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोशींचा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा जिन्यात भेटलेल्या कप्तानांनी त्याला न विचारताच सांगितलं, "बेडरूमची भिंत जुलैत ओली होते. बाकी फ्लॅट एकदम फर्स्ट क्लास." गिऱ्हाईक जिन्यातूनच माघारी गेलं. गणपतीत सेक्रेटरींच्या मुलीने गाणं म्हटलं आणि सेक्रेटरींनी हौसेने "कसं वाटलं?" म्हणून विचारलं. "आवाज छान आहे, सूर लागत नाही," कप्तान म्हणाले आणि शांतपणे प्रसादाच्या रांगेत उभे राहिले. आई म्हणायची, या माणसाला काही विचारू नये, तो खरं सांगेल. मी त्यांना ओळखते तेवढ्या वर्षांत ते एकदाच खोटं बोलले. ते माझ्याशी बोलले, आणि हवेत बोलले.

खरं तर ते कप्तान नव्हतेच. विमानतळावरच्या एका हँगरमध्ये ते विमानं दुरुस्त करायचे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चकचकीत बूट, या सगळ्यामुळे भाईंदरमधल्या गोडदेवच्या आमच्या गल्लीत कोणीतरी त्यांना चेष्टेने कप्तान म्हणालं आणि ते नाव चिकटलं. शनिवारी पहाटे मात्र ते आपली जुनी गाडी काढून घाट चढून वर जायचे आणि तिथल्या एका मैदानावर ग्लायडर उडवायचे. ग्लायडर म्हणजे इंजीन नसलेलं विमान. हे त्यांनी वॉचमनला समजावलं तेव्हा वॉचमन बराच विचार करून म्हणाला, "साहब, इंजन निकल गया तो बनवा लो ना." ही गोष्ट कप्तान स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती गच्चीवर. मी स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वडील परभणीकडून आले, पालिकेत लागले, आणि ते गेल्यावर आई आणि मी इथेच राहिलो. त्या दुपारी मी कपडे वाळत घालत होते आणि कप्तान कठड्याला टेकून मिठागरांवरच्या घारी बघत होते. "ती तिसरी घार बघ," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंख हलवत नाही, तरी वर चाललीय. का?" मला वाटलं नेहमीसारखं वारा वगैरे काहीतरी असेल, मी तसं म्हटलं. "वारा आडवा असतो ग. ही उभी चाललीय." मग त्यांनी मला थर्मल म्हणजे काय ते सांगितलं. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा खांबासारखी वर चढते. तो खांब दिसत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. घार त्याच्यात शिरते आणि गोल गोल फिरत फुकटात वर जाते. "आपण पण तेच करतो," कप्तान म्हणाले. त्यांनी 'आपण' म्हटलं आणि मी त्या शनिवारी त्यांच्या गाडीत बसले.

ग्लायडर आकाशात सोडणं सोपं. विंच नावाचं यंत्र लांबलचक दोर ओढतं, पतंगासारखं ग्लायडर वर जातं, दोर सुटतो, आणि मग तुम्ही हळूहळू खाली यायला लागता. खरी विद्या त्यानंतरची. थर्मल सापडला तरी त्याच्या गाभ्यात राहायचं कसं, ते कप्तानांइतकं कोणाला सांगता येत नसे. मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांनी मला उडवायला आणि उतरवायला शिकवलं. वर राहायला शिकवलं ते कप्तानांनी, आणि तेही बरंचसं आमच्या गच्चीवर.

ते माझ्या डोळ्यांवर माझीच ओढणी बांधायचे. गच्चीत कुठेतरी खडूने एक फुली मारायचे. ती म्हणजे गाभा. मी गोलात चालायचं आणि ते तोंडाने शीळ घालायचे, कारण ग्लायडरमध्ये एक यंत्र असतं, ते वर चढताना वरच्या सुरात वाजतं आणि पडताना कण्हतं. फुलीजवळ गेले की शीळ चढायची, लांब गेले की उतरायची. "शीळ चढतेय? मग वळण सैल कर, तिकडे सरक. उतरतेय? आवळ, आवळ, लवकर मागे ये. एकसारखी आहे? मग गप बस, हात लावू नकोस." हे त्यांचं सगळं शास्त्र. पापड घालायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. वॉचमन वर येऊन म्हणायचा, "मॅडम, टंकी से टकरा जाओगी." मी एकदाही टाकीवर आदळले नाही. गच्चीच्या कठड्यापासून हातभर अंतरावरून मी डोळे बांधून फिरले आहे, निव्वळ त्यांच्या शिळेच्या भरवशावर.

सुट्टीच्या दिवशी ते मला बसने समुद्रकाठच्या चौक गावाला न्यायचे. तिथे मासळी वाळत असते, त्यामुळे घारींना तोटा नाही. आम्ही माना वर करून उभे राहायचो. बोंबील वाळवणारी एक म्हातारी एकदा न राहवून म्हणाली, "बोंबील खाली हाय, वर काय बगताव दोघा?" कप्तान मला घारींचा शिष्टाचार दाखवत होते. एका थर्मलमध्ये पहिली शिरलेली घार ज्या बाजूला वळते, त्याच बाजूला मागून येणारी प्रत्येक घार वळते. कोणी उलटं फिरत नाही, कोणी कोणाला हाकलत नाही. "हवा कोणाच्या बापाची नाही," ते म्हणाले. "ज्याला सापडली त्याने दुसऱ्याला सांगायची. ग्लायडरवाल्यांचा एवढा एकच धर्म." त्यानंतर आम्ही त्या म्हातारीकडून बोंबील घेतले आणि ते काकूंनी तळले. काकू म्हणजे कप्तानांच्या पत्नी. नवऱ्याने कोणालातरी बोलायला धरलंय, आता आपल्या डोक्याशी कटकट नाही, या आनंदात त्या मला नेहमी जास्तीचे दोन तुकडे वाढायच्या.

मला लायसन्स मिळाल्यावर आम्ही दोघं दोन आसनी ग्लायडरमधून उडायला लागलो. मी पुढे, ते मागे. नियमाने ताबा माझ्याकडे, पण मागून त्यांची कॉमेंटरी चालू. "काटा बघू नकोस. काटा उशिरा बोलतो, बूड आधी बोलतं." खुर्ची खालून ढकलते ते बुडाला पहिलं कळतं, मग यंत्राला. पहिल्यांदा माझ्यासमोर बूड म्हणताना त्यांचा चेहरा नक्की लाल झाला असणार, पण ते मागे होते. मग म्हणायचे, "आलं. लगेच वळू नकोस. थांब. थांब. कुठला पंख उचलला? डावा? मग तिकडेच आहे तो. हवा तुला बाहेर ढकलते, तू तिच्या अंगावर जा. आता. डावीकडे." मी डावीकडे वळायचे आणि आम्ही चढायचो. शेतं लहान होत जायची, माणसं दिसेनाशी व्हायची. वडील गेल्यानंतर मला इतकं सुरक्षित कुठे वाटलं नव्हतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं.

कप्तानांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मैदानावर सरांच्या हाताखाली, मागच्या खुर्चीत बसून शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला सगळे कॅप्टन साहेब म्हणतात, आणि कोणी हसत नाही. कप्तानांना ती मागची खुर्ची हक्काने हवी होती. त्यासाठी मैदानावरचा क्लब एखाद्या वर्षी एका माणसाला प्रशिक्षक व्हायच्या प्रशिक्षणाला पाठवायचा, आणि त्याआधी सलग पाच तास तरंगून दाखवावं लागायचं. क्लबात ग्लायडर मोजकी, उडणारे पुष्कळ. पाच तास ग्लायडर अडवून ठेवायला कोणी कोणाला देत नसे. मिळालं त्या वेळी कप्तानांचं नशीब आडवं यायचं, कधी ढग यायचे, कधी रेडिओ बिघडायचा. त्या मोसमात सरांनी जाहीर केलं की यंदा एकाला पाठवायचं आहे, आणि ते नाव कप्तानांचं नाहीतर सुजाताचं. सुजाता म्हणजे मी. मला धक्काच बसला. मला ती जागा हवी आहे, हे मलाही त्या क्षणीच कळलं, आणि मग मात्र ती जाम हवीशी वाटायला लागली. लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावता लावता मी मनातल्या मनात मागच्या खुर्चीत बसलेली असायचे.

सर दोघांसमोर स्पष्टच बोलले. एका रविवारी दोन्ही एकआसनी ग्लायडर दोघांना देतो, पाच तास करा. एकाचेच झाले तर तो जाईल. दोघांचे झाले तर सुजाता जाईल, कारण तिच्यापुढे वर्षं आहेत. कप्तान साठीला टेकले होते, प्रशिक्षक व्हायला त्यांना हा शेवटचा मोसम होता. गाडीत परतताना मी म्हटलं, "काका, मला वाईट वाटतंय." कप्तान म्हणाले, "कशाला टेन्शन घेतेस? हवा ठरवेल." खरं सांगते, मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते आईला घरी येऊन सांगितलं.

तो रविवार उन्हाने भाजून निघालेला होता, म्हणजे आमच्यासाठी उत्तम. माझं ग्लायडर पिवळं, त्यांचं पांढरं. दुपारभर आम्ही एकमेकांना रेडिओवर सांगत सांगत उडत होतो. "काका, नदीच्या वळणावर छान आहे." "येतो. तू टेकाडाकडे नजर ठेव." कधी एकाच थर्मलमध्ये दोघं, ते वर, मी खाली, एकाच बाजूला वळत. चौथा तास उलटला तसं ऊन तिरपं झालं आणि थर्मल विरळ व्हायला लागले. मी नदीपलीकडे गेले होते, ते वीटभट्ट्यांवर होते. माझी उंची कमी होत चालली. एकाच ठिकाणी जाता येईल एवढीच हातात होती. भट्ट्या जवळ होत्या. तिरपं ऊन डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे ते तिथे वर आहेत की खाली, मला दिसत नव्हतं. मी विचारलं, "काका, भट्टीवर काय आहे?"

रेडिओ खरखरला. मग ते म्हणाले, "इथे सगळं सिंक आहे. गोडाऊनकडे जा. पत्र्यांवर बघ."

सिंक म्हणजे खाली जाणारी हवा. मी ग्लायडरचं नाक फिरवलं आणि गोडाऊनकडे गेले. मनात शंकाही आली नाही. गोडाऊनच्या पत्र्यांवर काहीही नव्हतं. यंत्र कण्हत राहिलं. मी कापणी झालेलं एक ज्वारीचं शेत निवडलं आणि धडधाकट उतरले. काच उघडून बाहेर आले, उन्हाने तापलेली टोपी काढली आणि वर बघितलं. भट्ट्यांवर, खूप उंच, पांढरं ग्लायडर फिरत होतं. इतकं सुरेख, एकसारखं वर्तुळ की बघत राहावं. पहिला विचार खरोखर हाच आला की बरं झालं, काकांना मिळालं. मग डोक्यात हिशेब सुरू झाला. मला खाली यायला कितीसा वेळ लागला? सिंकमध्ये पडत असलेलं ग्लायडर तेवढ्या वेळात तिथवर चढूच शकत नाही. मी विचारलं तेव्हाच ते वर होते. मी विचारलं तेव्हाच ते चढत होते. मी त्या थर्मलमध्ये खालून शिरले असते तर त्यांचा थेंबभर तोटा झाला नसता, हवा कमी पडत नाही. फक्त दोघांचे पाच तास झाले असते.

ज्याच्या शेतात उतरले होते तो शेतकरी पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, लागलं का कुठं?" मी नाही म्हटलं. मी रडत होते, त्यामुळे त्याचा विश्वास बसला नाही.

मला न्यायला ट्रेलर घेऊन कप्तान स्वतःच आले. पाच तास पूर्ण करून, उतरून, लगेच. बरोबर ड्रायव्हर होता, पण तो गाडीतच बसून राहिला. ग्लायडर ट्रेलरवर चढवायचं तर पंख काढावे लागतात, आणि ते काम एकट्याचं नाही. एकाने पंखाचं टोक धरून अगदी बेताने वर-खाली करायचं, दुसऱ्याने मध्ये बसून पिन ओढायची. एकमेकांच्या हाताचा अंदाज लागतो. आम्ही शंभरदा ते केलं होतं. ते टोक धरून उभे राहिले, मी मध्ये बसले.

"नंतर हवा बदलली ग," ते म्हणाले.

"केव्हा, काका?"

दोशींच्या भिंतीबद्दल जिन्यात बोलणारा, सेक्रेटरीच्या तोंडावर सूर लागत नाही म्हणणारा तो माणूस पंखाचं टोक धरून उभा होता आणि त्याला एक वेळ सांगता येत नव्हती. मग ते हळूच म्हणाले, "पिन ओढ." मी ओढली. पंख निघाला.

दुसऱ्या दिवशी काकू पेढे घेऊन आल्या. "तुझ्यामुळे झालं हो हे," त्यांनी माझा हात हातात घेतला. "तू बरोबर नसतीस तर केव्हाच सोडून दिलं असतं त्यांनी." मी पेढा खाल्ला. काय करणार होते? कप्तान खोटं बोलले, असं गोडदेवमध्ये सांगायला गेले असते तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. आईला तेवढं सांगितलं. तिने हातातली मेथी निवडून संपवली आणि म्हणाली, "जागा मागितली असती तर तू दिली असतीस ना?" मी म्हटलं, हो. तेच तर. त्यांनी एकदा तोंड उघडून मागितलं असतं तर मी स्वतः सरांना सांगून माझं नाव मागे घेतलं असतं. मला जागा गेल्याचा राग नव्हता, असं मोठेपणाने म्हणणार नाही. राग होताच. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं, ते अजून तसंच आहे.

वर्षभर मी मैदानावर गेले नाही. मग राहवेना म्हणून गेले. एवढा खंड पडल्यावर प्रशिक्षकाबरोबर एक उड्डाण करून दाखवावं लागतं. त्या दिवशी सर नव्हते. प्रशिक्षक एकच होते. मैदानावरचे सगळे त्यांना कॅप्टन साहेब म्हणत होते आणि खरोखर कोणी हसत नव्हतं. मी पुढे बसले, ते मागे. दोर सुटला. थोड्या वेळाने खुर्चीने मला खालून ढकललं आणि डावा पंख उचलला, अगदी स्वच्छ, नवशिक्यालाही कळेल इतका. मागून आवाज आला, "आलं. थांब. आता, डावीकडे."

मी उजवीकडे वळले.

मी ते ठरवून केलं नाही. माझं बूड डावीकडे सांगत होतं, पंख डावीकडे सांगत होता, आणि केवळ ते डावीकडे म्हणाले म्हणून माझा हात उजवीकडे गेला. यंत्र कण्हायला लागलं. पुढे आणखी एक थर्मल लागला, या वेळी ते काही बोलले नाहीत, तरी मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत राहिले आणि तोही हुकला. आम्ही दोघं खाली आलो. उतरल्यावर ते क्लबच्या माणसाला म्हणाले, "उडवते उत्तम. पास आहे. फक्त तिच्यामागे मी बसायला नको." हेही खरंच होतं.

त्यानंतरच्या मोसमात त्यांनी ती खुर्ची सोडली. गुडघ्यांचं कारण सांगितलं, आणि गुडघे दुखतच होते. मग फ्लॅट विकला, आणि हो, घेणाऱ्याला न विचारता सांगितलं की किचनचा पाइप गळतो. दापोलीजवळच्या त्यांच्या गावी जायचं ठरलं. सामान भरलेला टेम्पो खाली उभा होता तेव्हा ते आमच्या दाराशी आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. "सुजाता," ते म्हणाले, "त्या दिवशी भट्टीवर..."

"काका, टेम्पोवाला हॉर्न देतोय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरायला लागले. लोक म्हणतात अशा वेळी मन मोठं करावं. मी केलं नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. ते खरं बोलले असते, मला माहीत आहे. पण त्यांचं खरं ऐकून घ्यायची माझ्यात ताकद उरली नव्हती. ते गेल्यावर मी दार लावून पुष्कळ रडले, कारण मला ते आवडायचे. अजून आवडतात. भाईंदरला उन्हाळ्यात घारी चढायला लागल्या की पहिली आठवण त्यांचीच येते, आणि ती चांगलीच येते.

मागची खुर्ची पुढे मलाच मिळाली. मी सगळं त्यांचंच शिकवते. वळण सैल कधी, आवळायचं कधी, काटा उशिरा बोलतो. एक मुलगी सध्या माझ्याकडे शिकतेय, नालासोपाऱ्याहून येते, वेणी घालते. ती पुढे बसते. मागून मला फक्त तिची मान आणि वेणी दिसते. मी "डावीकडे" म्हटलं की माझा शब्द पुरा व्हायच्या आत ती वेणी डावीकडे झुकते. ती मागे बघत नाही, विचारत नाही, शंका घेत नाही. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी पुढची सूचना द्यायचीच विसरले. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले होते की माझा किती विश्वास आहे, हे कप्तानांना त्या दिवशी कळलं नसावं. ते मागे बसायचे. त्यांना प्रत्येक वळणाला हे दिसत होतं.